नोटा दाबायला का होईना, जाईन

मतदानाचा दिवस जवळ आला की माझे मन मागे ओढते, आणि त्याचे कारण आळस नाही. २०१९ च्या विधानसभेला एकमेकांविरुद्ध मते मागणारे निकालानंतर मांडीला मांडी लावून बसले. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी. पक्षाचे नाव आणि चिन्ह कोणाचे, हे निवडणूक आयोगाने ठरवले. आमदार पात्र की अपात्र, हे विधानसभा अध्यक्षांनी. पुढची निवडणूक येईपर्यंत मतदाराला कोणी काही विचारले नाही. १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा आमदाराला धाक घालतो. ज्याचे मत परस्पर फिरवले गेले, त्याच्या हाती त्यात काहीच नाही. म्हणून ‘मत देऊन उपयोग काय?’ म्हणणाऱ्या शेजाऱ्याला मी बेजबाबदार ठरवणार नाही. शाई लावलेले बोट नाचवून त्याला लाजवणे तर मला मुळीच पटत नाही.

एका मताने फरक पडतो, हे सांगताना वायव्य मुंबईचे उदाहरण हमखास येते. २०२४ च्या लोकसभेला तिथे ४८ मतांनी निकाल लागला. खरे आहे, पण अशा लढती क्वचितच होतात. तेवढ्यासाठी मी रांगेत उभी राहत नाही.

मी जाते ते निवडणुकाच नसलेल्या काळात जे पाहिले त्यामुळे. मुंबई, पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत मार्च २०२२ च्या सुमारास संपली. राज्यघटनेचे कलम २४३-यू सांगते, की मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना आणि न्यायालयीन तारखा यांत ती अडकली, आणि मतदान झाले ते थेट १५ जानेवारी २०२६ ला. मधल्या काळात प्रशासक होते. आमच्या गल्लीतले ड्रेनेजचे चेंबर तुंबले, की तक्रार नोंदवायची आणि काम न होताच ती ‘निकाली’ निघाल्याचा संदेश वाचायचा. आधीचे नगरसेवक काही फार कामाचे नव्हते. पण सकाळी त्यांच्या दारात चार बायका जाऊन उभ्या राहिल्या, की त्यांना बाहेर यावे लागे. ते दारच नाहीसे झाले होते.

जानेवारीत आमच्या प्रभागात चार जागा होत्या. दोन उमेदवार मला बरे वाटले, त्यांना मते दिली. उरलेल्या दोन जागांसाठी नोटा दाबला. लोकसभा-विधानसभेत नोटाला सर्वाधिक मते पडली, तरी त्याच्या खालचा उमेदवार निवडून येतो. राज्य निवडणूक आयोगाने मात्र नोव्हेंबर २०१८ मध्ये आदेश काढला, की स्थानिक निवडणुकीत नोटा पहिला आला तर त्या जागेसाठी पुन्हा मतदान घ्यायचे. लातूर ग्रामीणमध्ये २०१९ च्या विधानसभेला नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता. इतक्या लोकांनी घराबाहेर पडून दिलेला नकार निदान मोजला तरी गेला. घरी बसणाऱ्याचा राग आणि सुट्टी साधून लोणावळ्याला गेलेल्याची बेफिकिरी यांची नोंद एकाच रकान्यात होते, आणि माझा राग तिथे जावा हे मला मान्य नाही.

नव्या सभागृहांची मुदत २०३१ च्या सुरुवातीला संपेल. प्रभागरचना आणि आरक्षणाचे वाद त्याआधीच मिटवण्यासाठी सरकारकडे आग्रह धरा, असे पत्र मी आमच्या चारही नगरसेवकांना लिहिणार आहे. ज्यांना मत दिले नाही, त्यांनाही.