गाडी बुडाली, हप्ते नाही!

सुरुवातीलाच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. पण ही गोष्ट माझ्या मामाची आहे आणि मामाशी मी मराठीतच बोलते, म्हणून लिहितेही मराठीतच.

मामा चिपळूणचा. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याने आयुष्यातली पहिली गाडी घेतली, साठ हप्त्यांच्या कर्जावर. कर्ज, आरटीओ, इन्शुरन्स, सगळं शोरूमच्या एकाच टेबलावर उरकलं. पेन्सिलने जिथे जिथे फुली होती तिथे तिथे मामाने सह्या केल्या. मामी पेढे वाटताना सांगत होती, "आता तीन वर्षं इन्शुरन्सची कटकट नाही!" त्यांना तसंच सांगण्यात आलं होतं.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं. माझी दहावी नुकतीच झाली होती. घरातली सगळी माणसं माडीवर होती म्हणून वाचली, गाडी मात्र छतापर्यंत पाण्यात. पाणी ओसरल्यावर मामाने पॉलिसी शोधून फोन लावला तेव्हा कळलं, तीन वर्षांचा होता तो फक्त थर्ड पार्टी विमा. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे ओन डॅमेजचा भाग एकाच वर्षाचा होता आणि तो फेब्रुवारी २०२१ मध्येच संपला होता. आठवणीचा मेसेज आलाही असेल, लॉकडाऊनच्या त्या दिवसांत पाहतो कोण!

उरलेले हप्ते होते ४३. गाडी पाण्यात गेली म्हणून कर्ज पाण्यात जात नाही. गाडी भंगारात द्यायची म्हटलं, तर आरसी बुकावर बँकेचं नाव, आधी तिची एनओसी आणा! फेब्रुवारी २०२५ मध्ये शेवटचा हप्ता गेला. तोपर्यंत मामा एसटीने फिरत होता.

आता तुम्ही म्हणाल, चूक मामाचीच. न वाचता सही केली. मान्य. पण नियम पाहा. सुप्रीम कोर्टाच्या आदेशामुळे १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. हेतू चांगलाच आहे, आपल्या गाडीने कुणाला इजा झाली तर त्याला भरपाई मिळावी. पण त्याने *आपली* गाडी चोरीला गेली, बुडाली, जळाली तर एक रुपया मिळत नाही. तो भाग ओन डॅमेजचा, आणि तो सहसा वर्षाचाच असतो. म्हणजे एका पॉलिसीवर दोन तारखा! विकणारा मोठी तारीख मोठ्याने सांगतो, छोटी तारीख कागदात राहते.

परवा बाबांबरोबर मी गाडी बघायला गेले, तेव्हा हे डोक्यात होतंच. बाबा सही करणार इतक्यात मी म्हटलं, "बाबा, थांबा, आधी वाचू." सेल्समन हसला. पण वाचल्यावर तीन गोष्टी कळल्या.

एक, विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही. बँकेला पूर्ण विमा आणि त्यावर आपलं नाव हवं असतं, बस. आम्ही बाहेरून दर मागवले, तर स्वस्त वाटलेल्या एका पॉलिसीत आयडीव्ही, म्हणजे गाडीची विम्यापुरती किंमतच कमी धरली होती. तुलना करायची तर आयडीव्ही सारखी ठेवूनच.

दोन, आयडीव्ही कर्जापेक्षा वेगाने उतरते. समजा आठ लाखांची गाडी, पूर्ण आठ लाख कर्ज, सात वर्षं, साडेनऊ टक्के. हप्ता सुमारे १३,०७५ आणि पहिल्या हप्त्यात जवळजवळ निम्मं व्याजच. तिसऱ्या वर्षी ३० टक्के घसारा धरून आयडीव्ही ५ लाख ६० हजार, आणि कर्ज अजून सहा लाखांच्या वर! गाडी चोरीला गेली तर विम्याचे पैसे आधी बँकेला जाणार, वरचे आपण खिशातून भरणार. म्हणून सुरुवातीला जास्त पैसे रोख भरा, नाहीतर पूर्ण बिलाची रक्कम देणारं 'रिटर्न टू इनव्हॉइस' कव्हर घ्या.

तीन, पुराच्या गावात इंजिनचं वेगळं कव्हर हवं. आणि पाण्यात बंद पडलेली गाडी सुरू करायला जाऊ नका. इंजिनमध्ये पाणी ओढलं गेलं तर साधी पॉलिसी सहसा हात वर करते. आपण मेकॅनिकलवाल्यांनी तरी हे घरी सांगायला हवं!

माझं म्हणणं एवढंच, की पॉलिसीच्या पहिल्या पानावर दोन्ही तारखा मोठ्या अक्षरात आणि मराठीत छापाव्यात. बँकेला आपल्या पैशांची काळजी असते, तर ओन डॅमेज संपताना तिने कर्जदाराला स्वतः फोन करावा. हप्ता चुकला तर करतातच की!

ते होईल तेव्हा होईल. मित्रांनो, तोवर आज रात्री मेसवरून आलात की आपल्या बाइकची पॉलिसी काढून बघा. माझ्या मैत्रिणींपैकी पाच जणींच्या स्कूटी मी तपासल्या. थर्ड पार्टी पाचही जणींचा चालू होता. ओन डॅमेज फक्त एकीचा!

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल