घरमालक, भाडेकरू आणि ग्राफिक्स कार्ड

'दादा, झालं का तुझं?'

'पाच मिनिटं रे!'

हा डायलॉग आमच्या घरात गेली चार वर्षं हाउसफुल्ल चालू आहे. मी पुण्यात आयटीत, धाकटा गावाकडे बारावीला. गाव म्हणजे नरसी नामदेव. हिंगोली जिल्ह्यात, कयाधू नदीकाठी, संत नामदेवांचं जन्मगाव. आषाढी पंढरपूरची, पण तिच्यामागून येणारी परतवारी एकादशी आमची. त्या दिवशी गावात पाय ठेवायला जागा नसते. यंदा परतवारी धरून दोन आठवड्यांचं वर्क फ्रॉम होम पदरात पाडून घेतलं आणि माझा अख्खा पीसी गोधडीत गुंडाळून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं गावी नेला.

कारण साधं होतं. माझं ऑफिसचं काम लिनक्सवर. धाकट्याला हवं विंडोज आणि त्यावर 'क्रिकेट १९'. मशीन एक, गिऱ्हाइकं दोन. ड्युअल बूट केलं तर एक उठल्याशिवाय दुसऱ्याला बसता येत नाही. आणि मी उठत नाही, हे वर आलंच आहे.

तेव्हा ठरवलं, दोघांनी एकाच वेळी वापरायचं. लिनक्स चालू असतानाच त्याच्या पोटात व्हर्च्युअल मशीन, त्यात विंडोज आणि त्यात गेम!

पुण्यात भाड्यानं राहणाऱ्यांना ही भानगड चटकन कळेल. लिनक्स हा घरमालक, विंडोज हा भाडेकरू. साध्या व्हर्च्युअल मशीनमध्ये भाडेकरूला खरं ग्राफिक्स कार्ड मिळतच नाही, कार्डाचं नुसतं सोंग मिळतं. मेल आणि एक्सेलला ते चालून जातं. गेममध्ये मात्र बोलर धावत यायच्या ऐवजी स्लाइड शो दाखवत येतो. यावरचा उपाय म्हणजे पासथ्रू. एक खोली, म्हणजे ते कार्ड, किल्लीसकट भाडेकरूच्या ताब्यात द्यायची. मालकानं तिकडे फिरकायचं नाही. मालकाची गुजराण प्रोसेसरमध्येच असलेल्या छोट्या ग्राफिक्सवर. कोड लिहायला ते भरपूर झालं. मग गेम जवळजवळ थेट मशीनवर चालावा तसाच पळतो.

लिनक्समध्ये यासाठीची व्हीएफआयओ ही यंत्रणा २०१२ साली, ३.६ कर्नलमध्ये आली. सोबत एक वॉचमन लागतो, त्याचं नाव आयओएमएमयू. भाडेकरूच्या कार्डानं मालकाच्या मेमरीत हात घालू नये, हे तो बघतो. इंटेलवाले त्याला व्हीटी-डी म्हणतात, एएमडीवाले एएमडी-व्हीआय. बायोसमध्ये तो बऱ्याचदा झोपलेला असतो, आधी त्याला उठवायचं. पूर्वी आणखी एक ग्रहण होतं. एनव्हिडियाच्या जीफोर्स कार्डांचा ड्रायव्हर आपण व्हर्च्युअल मशीनमध्ये आहोत हे ओळखून 'एरर ४३' देऊन बसून राहायचा. मार्च २०२१ मध्ये कंपनीनंच ते दार अधिकृतपणे उघडलं, तेव्हापासून जिवाला जरा शांतता आहे.

आता तुम्ही म्हणाल, एकच कार्ड दोघांत वाटून नाही का घेता येत? येतं. फेब्रुवारी २०१७ च्या ४.१० कर्नलमध्ये एका कार्डाचे वाटे करून अनेक व्हर्च्युअल मशीन्सना देण्याची चौकट आली. तिच्या कोडच्या माथ्यावर लेखक म्हणून दोन नावं आहेत, नियो जिया आणि कीर्ती वानखेडे. आपल्याकडचं आडनाव लिनक्स कर्नलमध्ये बघून छाती फुगली राव! पण हे वाटे प्रामुख्यानं डेटा सेंटरच्या महागड्या कार्डांचे. आपल्या घरगुती कार्डाचा हिशेब रोखठोक आहे. द्यायचं तर पूर्ण द्यायचं.

पहिली रात्र काळ्या पडद्यासमोर गेली. दोन चुका होत्या. कार्ड आणि दुसरा एक कंट्रोलर आयओएमएमयूच्या एकाच गटात बसले होते, आणि एक गट हलवायचा तर सगळाच हलवावा लागतो. कार्डाचा स्लॉट बदलला, ते सुटलं. दुसरी चूक अशी की मशीन सुरू होताच लिनक्सचा ड्रायव्हर सवयीनं कार्डावर हक्क सांगायचा. भाडेकरू दारात उभा, आणि मालक म्हणतो, मी इथंच बसतो, तू ये की! मग व्हीएफआयओनं आधीच कार्ड धरून ठेवावं, अशी सोय केली.

रात्री दोनला बाबा पाणी प्यायला उठले. 'काय करायलास रे अजून?'

'कार्ड इकडून तिकडं वळवायलोय, बाबा. वळंना.'

'नामदेवांसाठी औंढ्याचं देऊळ फिरलं म्हणतेत. तुझं कार्ड काय त्याच्याहून मोठं हाय का?' म्हणाले आणि झोपायला गेले.

पहाटे वळलं एकदाचं. सोळा जीबी रॅम त्याला, सोळा मला. सहा कोअर त्याला, दोन मला. कार्डाची वायर टीव्हीला, माझी मॉनिटरला. दोन कंट्रोलरही त्याच्याच मशीनला जोडून दिले. धाकट्यानं 'व्हॅलोरंट'ही मागितला होता, पण त्याचं व्हॅनगार्ड नावाचं अँटी-चीट व्हर्च्युअल मशीनला दारातूनच परत पाठवतं. ते सोडून दिलं. क्रिकेट मात्र लोण्यासारखं चाललं!

दोन दिवस मी स्वतःवर जाम खूश होतो. इकडे माझा कॉल चालू, पाठीमागे टीव्हीवर त्याची मॅच. एका खोलीत, एका मशीनवर, कुणाचा कुणाला त्रास नाही.

तिसऱ्या संध्याकाळी टीव्ही बंद दिसला.

'काय रे, हँग झालं का?'

'नाही. मस्त चालतंय.'

'मग?'

'कंप्युटरसंगं किती खेळू? मला वाटलं, तू खेळणार हायस म्हणून आणलास.'

दुसरा कंट्रोलर टेबलावर तसाच होता. प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

काय बोलणार? गेली चार वर्षं मी दर दिवाळीला गावी येत होतो, पण एक कान कायम हेडफोनमध्ये. त्याला मिळत होतं ते साध्या व्हर्च्युअल मशीनसारखं भावाचं सोंग. आणि आता तर मी एवढा खटाटोप करून त्याला माझ्यापासून वेगळं खेळता येईल, अशी फर्स्ट क्लास सोय करून दिली होती. पुढच्या वर्षी तो कॉलेजला कुठेतरी जाईल. मग 'झालं का तुझं' विचारायलाही कुणी नसेल.

रविवारी संध्याकाळी माझा मॉनिटर बंद केला, फोन आईच्या डब्यांमागे ठेवला आणि कंट्रोलरचं प्लास्टिक फाडलं. पहिल्याच बॉलवर त्यानं मला बोल्ड काढलं. शाळेच्या ग्राउंडवर काढायचा तसंच, वर तोच आरडाओरडा.

तुम्हाला करून बघायचं असेल तर आधी तीन गोष्टी तपासा. प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स आहे का, बायोसमध्ये आयओएमएमयू चालू होतो का आणि तुमचा गेम व्हर्च्युअल मशीनला घरात घेतो का. बरेच गेम्स २०१८ साली आलेल्या प्रोटॉनमुळे लिनक्सवर थेटही चालतात, ते आधी बघा. आणि बॅकअप घ्या, बॉस!

सध्या शनिवार-रविवारी आठनंतर माझं कॅलेंडर ब्लॉक आहे. निघायच्या आदल्या रात्री आईनं जेवायला तिसरी हाक मारली, तेव्हा आम्ही दोघंही एकदम ओरडलो,

'पाच मिनिटं, आई!'