नवीन क्लच प्लेट टाकल्या, तरी गाडीचं दुखणं तसंच?

बऱ्याच घरांत एक जुनी स्प्लेंडर असते. बाबांनी हप्त्यावर घेतलेली, मग दादाने कॉलेजला नेलेली आणि आता तुमच्या वाट्याला आलेली. १९९४ साली बाजारात आलेली ही ९७.२ सीसीची गाडी देशभर इतकी पसरली की इंदूर असो वा बेंगळुरू, तिचा मेकॅनिक सापडतो आणि तिचे बाहेरच्या कंपन्यांचे सुटे भागही मिळतात.

समजा, चढावर गाडी दमायला लागली म्हणून तुम्ही असाच बाहेरचा क्लच प्लेटचा सेट टाकून घेतला. दुसऱ्या दिवशी सिग्नलला क्लच पूर्ण दाबलेला असतानाही गाडी पुढे सरकते. किंवा रेस दिली की इंजिन नुसतं ओरडतं, वेग काही येत नाही. घरात लगेच निकाल लागतो, "डुप्लिकेट माल असणार!" नाहीतर थेट, "आता भंगारात द्या ही गाडी."

थोडं थांबा. प्लेट नवीन असली तरी तिच्या आजूबाजूचं सगळं जुनंच आहे. केबल जुनी, स्प्रिंग जुन्या, प्लेट ज्यात बसते ते हाउसिंगही जुनं. दोष तिथेही असू शकतो. म्हणून तपासणी बाहेरून आत करायची, म्हणजे फुकटचं आधी आणि खर्चाचं नंतर.

आधी दुखणं ओळखा

या गाडीचा क्लच इंजिन ऑइलमध्ये बुडालेला असतो. त्यात घर्षणाच्या प्लेट आणि स्टीलच्या प्लेट एकाआड एक रचलेल्या असतात. स्प्रिंग त्यांना घट्ट दाबून ठेवतात, म्हणून इंजिनची ताकद चाकाकडे जाते. तुम्ही लिव्हर दाबला की हा दाब सुटतो आणि प्लेट एकमेकींपासून मोकळ्या होतात.

त्यामुळे तक्रारी मुख्यतः दोन. एक, क्लच घसरतो. चढावर किंवा मागे कुणी बसलं असताना रेस वाढते पण गाडी ओढत नाही, कधी जळका वासही येतो. दुसरी, क्लच पूर्ण सुटत नाही. लिव्हर दाबूनही गाडी सरकते, उभ्या गाडीत न्यूट्रल सापडत नाही, पहिला गिअर टाकताना धाडकन आवाज येतो. यातली तुमची तक्रार कोणती, हे मेकॅनिककडे जाण्याआधी ठरवा. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

लिव्हरची ढील मोजा

क्लच लिव्हर हलकेच ओढा. केबल ताणली जाईपर्यंत लिव्हरचं टोक साधारण १० ते २० मिलिमीटर मोकळं हललं पाहिजे. घरातली शाळेची पट्टी यासाठी पुरते. ढील अजिबात नसेल तर क्लच कायम थोडा दाबलेलाच राहतो आणि घसरतो. ढील जास्त असेल तर लिव्हर पूर्ण ओढूनही क्लच सुटत नाही. नव्या प्लेट बसल्यावर ही ढील बदलते, आणि घाईत ती पुन्हा जुळवायची राहून जाते.

थोडा फरक लिव्हरजवळच्या ॲडजस्टरने जुळतो, जास्त असेल तर इंजिनकडच्या टोकाला. मग हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवून पाहा. ढील बदलत असेल तर केबल कुठेतरी अडकते किंवा ताणली जाते. तारा तुटायला लागल्या असतील, तर केबल आधी बदला.

ऑइलची बाटली वाचा

बाटलीवर "जासो एमए" किंवा "जासो एमए२" असं छापलेलं असायला हवं. हे ऑइल ओल्या क्लचच्या मोटरसायकलसाठी असतं. कारच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारे घटक असतात. कारला ते चांगले, पण इथे क्लचचं सगळं काम घर्षणावरच चालतं. घरात कारसाठी आणलेलं उरलंसुरलं ऑइल गाडीत ओतलं असेल, तर क्लच घसरण्याचं कारण तेच असू शकतं. ऑइलची पातळीही खुणेच्या मर्यादेतच ठेवा.

मेकॅनिकला विचारा

इथवर सगळं ठीक असेल, तर मेकॅनिककाकांना शांतपणे चार गोष्टी विचारा. चूक काढायच्या सुरात नको, माहिती म्हणून.

१. नव्या प्लेट बसवण्याआधी ऑइलमध्ये भिजवल्या होत्या का? कोरड्या बसवलेल्या प्लेट सुरुवातीलाच तापतात, धरतात आणि खराब होऊ शकतात. काही तास, शक्य तर रात्रभर भिजवणं चांगलं.

२. जुन्या आणि नव्या प्लेट शेजारी ठेवून पाहिल्या का? संख्या, व्यास, दाते आणि जाडी जुळायला हवी. सेट जास्त जाड झाला तर क्लच सुटायला जागा राहत नाही, पातळ झाला तर दाब कमी पडतो. जुन्या प्लेट झिजलेल्या असतात, म्हणून जाडीचं माप गाडीच्या मॅन्युअलशी ताडून बघायचं.

३. स्प्रिंग बदलल्या का? बदलायच्या तर सगळ्या एकदम. एक नवी आणि बाकी जुन्या असतील तर दाब एकसारखा पडत नाही. त्यांचे बोल्टही समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळायचे.

४. स्टीलच्या जुन्याच प्लेट परत घातल्या का? त्या तापून निळ्या पडल्या असतील किंवा वाकल्या असतील, तर नवीन घर्षण प्लेटचा उपयोग होणार नाही. सपाट काचेवर ठेवली की वाकलेली प्लेट लगेच कळते.

हाउसिंगच्या खाचा पाहा

जुन्या गाडीत हमखास पाहायची जागा म्हणजे क्लच हाउसिंग. घर्षण प्लेटचे दाते त्याच्या उभ्या खाचांमध्ये बसतात आणि मागेपुढे सरकतात. वर्षानुवर्षं दाते एकाच ठिकाणी आपटून त्या कडांवर खळगे पडतात. नवीन प्लेटचे दाते त्या खळग्यांत अडकतात, मग लिव्हर दाबला तरी प्लेट मोकळी होत नाही. प्लेटचा कितीही महागडा सेट आणला तरी हा त्रास तसाच राहतो. खळगे अगदी हलके असतील तर कानशीने कडा साफ करता येतात, खोल असतील तर हाउसिंग बदलणंच बरं. उजवीकडचं कव्हर उघडलेलं असतानाच हे आणि क्लच दाबणारं छोटं बेअरिंग पाहून घ्यायला सांगा. नाहीतर नवं पॅकिंग, ऑइल आणि मजुरी पुन्हा द्यावी लागते.

तोवर गाडी जपून

क्लच पूर्ण सुटत नसेल, तर गाडी रहदारीत नेऊ नका आणि नव्याने शिकणाऱ्या मुलांच्या हातात तर अजिबात देऊ नका. सिग्नलला पुढे रस्ता ओलांडणारे लोक असतात. घसरणारा क्लचही ओव्हरटेक करताना ऐनवेळी दगा देतो. घरी ढील मोजताना इंजिन बंद ठेवा, सायलेन्सर थंड होऊ द्या आणि गाडी मधल्या स्टँडवर लावा.

दुरुस्तीनंतर पहिले काही दिवस मागे जड ओझं नको, अर्धा क्लच दाबून चढ चढणं नको. आठवड्याने पुन्हा पट्टी घेऊन ढील मोजा, कारण नव्या प्लेट बसताना ती थोडी बदलू शकते. आणि काढलेल्या जुन्या प्लेट टाकून देऊ नका, मागून घ्या. त्या जळल्या होत्या, झिजल्या होत्या की चांगल्याच होत्या, हे त्यांच्याकडे पाहूनच कळतं. चांगल्याच असतील, तर मूळ दुखणं दुसरीकडेच होतं आणि ते अजून गाडीतच आहे.