प्रसाद डाव्या हाताने घेता येतो का?

मानवी हालचालींची नोंद आता आकड्यांत होते. अंगावर खुणेचे ठिपके लावायचे, भोवतालच्या कॅमेऱ्यांनी ते टिपायचे आणि प्रत्येक सांध्याचा प्रवास अंकांत उतरवायचा. या अंकांना स्वतःचा अर्थ नसतो. तो माणसांकडून लिहवून घ्यावा लागतो. २०२१ साली ‘बेबल’ या संग्रहात सुमारे ४३ तासांच्या नोंदींना क्रियांची लेबले लावली गेली. २०२२ च्या ‘ह्यूमनएमएल-थ्रीडी’ने १४,६१६ हालचालींना ४४,९७० इंग्रजी वर्णने जोडली. शब्द दिला की हालचाल रचणारी यंत्रे अशाच संग्रहांवर शिकतात. हा संगणकवाल्यांचा प्रांत आहे, असे मानून साहित्याचे अभ्यासक स्वस्थ बसतात. वास्तविक, शब्द आणि अर्थ यांच्या संबंधाचा प्रश्न प्रथम आपला आहे.

या वर्णनकर्त्यांसमोर असते काय? चेहऱ्यावर भाव नसलेली, वस्त्रहीन, स्थळकाळ नसलेली एक बाहुली. नाट्यशास्त्राने अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले. त्यांतले तीन गाळायचे, उरलेल्या आंगिकाचा सांगाडा तेवढा ठेवायचा आणि मग त्याला ‘अर्थ’ विचारायचा, असा हा उद्योग आहे. मिळते ते अर्थाचे नव्हे, आकाराचे वर्णन. त्याला अर्थ म्हणणे ही फसगत आहे.

याचा सर्वांत बोलका पुरावा या संग्रहाच्या घडणीतच आहे. ‘ह्यूमनएमएल-थ्रीडी’मध्ये सामग्री वाढवण्यासाठी हालचालींची आरशातली प्रतिमा घेतली गेली आणि वर्णनातल्या ‘डावा’च्या जागी ‘उजवा’ घातला गेला. भूमितीच्या दृष्टीने यात काहीच चूक नाही. परंतु उजव्या हाताने घेतलेला प्रसाद आरशात डाव्या हाताचा होतो, तेव्हा तो प्रसाद घेणेच राहते का? देहाला प्रतिबिंब असते, संकेताला नसते.

‘लेबल ही केवळ सोय आहे, तिच्याकडून काव्याची अपेक्षा कशाला?’ असा आक्षेप येईल. तो मान्य करता आला असता, जर सोय सोयीपुरतीच राहिली असती. पण यंत्र ज्या शब्दावर शिकते, त्या शब्दाबाहेरची हालचाल त्याच्या लेखी नसतेच. मराठीत माणूस वाकतो, लवतो, झुकतो, ओणवा होतो. कंबरेचा कोन कदाचित एकच असेल. पण लवण्यात आदर आहे, झुकण्यात शरणागतीही असू शकते, ओणवे होण्यात श्रम किंवा शिक्षा. या चौघांना एकच इंग्रजी क्रियापद पुरते असे ठरवणे हा भाषांतराचा प्रश्न नाही, निवाड्याचा आहे.

म्हणून मागणी साधी आहे. वर्णने अनेक भाषांत व्हावीत, प्रसंगाची नोंद हालचालीबरोबर राहावी आणि वर्णनकर्त्यांमधला मतभेद दोष समजून पुसला जाऊ नये. एका संहितेची अनेक वाचने संभवतात, हे आपण वर्गात रोज शिकवतो. देह ही संहिता नाही, असे कोणी ठरवले?