आधी ताणा, मग मोर

चिखलोलीहून एका वाचक ताईंनी विचारलंय : पैठणीच्या पदरावरचा मोर विणायला शिकायचाय, दोन दिवसांचं शिबिर पुरेल का? कापड काही या भागाला नवं नाही. उल्हासनगरच्या जीन्स, शहाडचं रेयॉनचं सूत, पलीकडे भिवंडीचे यंत्रमाग. हातमाग मात्र शोधावा लागतो.

ताई, नाही पुरणार. अशा शिबिरांत माग बहुधा चढवून तयार असतो. आपण बसायचं, पावडी दाबायची, धोटा टाकायचा, वीतभर कापड झालं की फोटो काढून घरी. मजा येते, पण खरं किचकट काम आपण येण्याआधीच कुणीतरी उरकलेलं असतं. ताण्याच्या असंख्य तारा वहीतून, मग फणीतून एकेक ओवायच्या. जुना ताणा संपत आला की नव्याची टोकं त्याला पिळून सांधायची. ओवताना एक तार चुकली तर तिची रेघ कापडभर दिसत राहते.

आता मोर. येवल्याच्या जुन्या विणीत पदराला जॅकार्ड नसतं. प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी. तारा मोजायच्या, बोटांनी उचलायच्या, रंग संपला की धागा शेजारच्या रंगात अडकवून मागे फिरवायचा. मागे धागे लोंबत नाहीत, म्हणून पदर उलटला तरी मोर तसाच दिसतो. त्याची मान मात्र गोल नसते, पायऱ्यापायऱ्यांची असते. कागदावरचं वळण मागावर मोजूनच उतरवावं लागतं.

म्हणून तर १९५६ पासून सुरू झालेल्या विणकर सेवा केंद्रांत चित्रकारांना विणकरांच्या शेजारी बसवलं गेलं. चित्रकार प्रभाकर बरवे बनारसच्या आणि पुढे मुंबईच्या केंद्रात नोकरीला होते. त्यांच्या चित्रांवर बोलणारे या नोकरीवर फारसं बोलत नाहीत, हे मला नेहमी खटकतं.

तेव्हा कल्याणहून मनमाडची गाडी पकडा आणि येवल्याला जा. सुरुवात एकधोटीपासून करा : एकच धोटा, ताण्याहून वेगळ्या रंगाचा बाणा, नारळी काठ, साधी बुट्टी. मग कडियल, तिथे काठांचे आणि अंगाचे मिळून तीन धोटे सांभाळावे लागतात. मोर त्यानंतर. आणि शिकवणाऱ्याला मोबदला विचारून, घासाघीस न करता द्या. तुम्हाला शिकवतो तेवढा वेळ त्याचा माग बंद असतो.