चेहरा तिचा, निर्णय कोणाचा?

सप्टेंबर २०१२ मधील घटना आहे. अमेरिकेतील एका विमानतळावर रांगेत उभ्या असलेल्या एका शीख तरुणीचे छायाचित्र कोणीतरी तिच्या नकळत टिपले आणि थट्टेच्या ओळीसह इंटरनेटवर टाकले. डोक्यावर पगडी आणि चेहऱ्यावर दाढी-मिशांचे केस, एवढेच हसण्याचे कारण. ओहायो स्टेट विद्यापीठात शिकणाऱ्या या तरुणीने त्यावर जे उत्तर दिले, त्यात संतापाचा लवलेशही नव्हता. शरीर ही ईश्वराची देणगी असून ती आहे तशी जपणे हा आपल्या श्रद्धेचा भाग आहे. मृत्यूनंतर आपण कशा दिसत होतो हे कोणी लक्षात ठेवणार नाही, आपले कार्य तेवढे मागे उरेल, असा त्याचा आशय होता. छायाचित्र टाकणाऱ्याने जाहीर माफी मागितली आणि जगभरातून या तरुणीचे कौतुक झाले.

हे कौतुक योग्यच होते. परंतु त्यातून एक अवघड प्रश्न उरतो. एप्रिल २०२४ मध्ये उत्तर प्रदेश मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत राज्यात पहिल्या आलेल्या मुलीच्या बाबतीत अभिनंदनापेक्षा तिच्या ओठांवरील केसांचीच चर्चा अधिक झाली. एक-दोन गुण कमी मिळाले असते तर बरे झाले असते, असे म्हणण्याची पाळी त्या मुलीवर आली. तिच्यापाशी धर्माचे कारण नव्हते. स्त्रीच्या चेहऱ्यावर केस दिसण्यामागे अनेकदा संप्रेरकांचे असंतुलन असते, तर पुष्कळदा ती केवळ निसर्गाची ठेवण असते. मग धर्माचा आधार सांगता आला तरच आदर आणि एरवी उपहास, हा न्याय कोणता?

या प्रश्नाची दुसरी बाजूही आहे. १६९९ मध्ये गुरू गोविंदसिंग यांनी खालसा पंथाची स्थापना केली, तेव्हापासून केस न कापणे हे त्या पंथाचे ठळक लक्षण मानले जाते. हा नियम स्त्री आणि पुरुष दोघांनाही लागू आहे. त्याच नियमावरून अमृतसर येथील शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीच्या वैद्यकीय महाविद्यालयाने शीख अल्पसंख्याकांसाठीच्या जागांवर काही विद्यार्थ्यांना प्रवेश नाकारला. त्यांतील मुलींचा दोष एवढाच की, त्यांनी भुवया कोरल्या होत्या. प्रकरण पंजाब आणि हरयाणा उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठापुढे गेले. ३० मे २००९ रोजी न्यायालयाने निकाल दिला, की अखंड केस राखणे हे शीख धर्माचे मूलभूत अंग आहे आणि महाविद्यालयाचा निर्णय योग्य आहे. अल्पसंख्याक संस्थेचा घटनात्मक अधिकार लक्षात घेता या निकालामागील तर्क समजू शकतो. तथापि, त्या मुलींच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे. सौंदर्याचा बाजार सांगतो, भुवया कोरल्या नाहीत तर तू गबाळी. धर्मसंस्था सांगते, कोरल्यास तर तू आमची नव्हेस. डॉक्टर होण्याची संधी भुवयांच्या चार केसांवर येऊन ठेपते आणि तिला स्वतःला काय वाटते, हे दोन्हीकडे गौण ठरते.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. धर्माच्या नावाखाली येथे विधवांचे केशवपन होत असे. त्याविरुद्ध १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी संप केला आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा न चालवण्याचा निर्धार केला. एकीकडे केस काढण्याची सक्ती, दुसरीकडे राखण्याची. रूप वेगळे असले तरी सक्तीची जात एकच.

हिजाबच्या वादातही हाच गोंधळ आहे. २०२२ मध्ये इराणमधील स्त्रिया हिजाबच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. त्याच वर्षी कर्नाटकातील विद्यार्थिनी तो घालू द्यावा म्हणून न्यायालयात उभ्या होत्या. वरवर परस्परविरोधी भासणाऱ्या या दोन मागण्यांच्या मुळाशी एकच आग्रह होता: निर्णय आमचा असावा. मुंबईत चेंबूर येथील एका महाविद्यालयाने हिजाब, टोपी आदींवर घातलेल्या बंदीला ९ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंशतः स्थगिती दिली. मग टिकली किंवा टिळ्यावरही बंदी घालणार काय, असा सवाल न्यायालयाने त्या वेळी केला. वर्गात बुरखा घालण्यास मात्र परवानगी दिली नाही. ओळख पटवणे, सुरक्षितता, शिक्षणातील संवाद यांसारखी ठोस कारणे असतील तर मर्यादा घालता येते; केवळ डोळ्यांना खटकते म्हणून नव्हे, हा त्यातून निघणारा बोध आहे.

निवड आणि दबाव यांतील रेषा पुसट असते, हा आक्षेप खरा आहे. घरातील वडीलधाऱ्यांच्या धाकाने हिजाब घेणारी मुलगी असते, तशीच लग्न जमावे म्हणून गोरेपणाचे मलम चोळणारीही असते. पहिलीची आपण कीव करतो, दुसरीचा दबाव आपल्याला दिसतही नाही. तेव्हा कसोटी एकच लावावी लागेल. उद्या तिने विचार बदलला, तर तिला त्याची किंमत मोजावी लागेल काय? शिक्षण, नोकरी, विवाह किंवा घरातील स्थान गमवावे लागणार असेल, तर ती निवड नव्हे. मग सक्ती करणारा धर्म असो की बाजार.

हे ठरवण्यासाठी न्यायालयापर्यंत जाण्याचीही गरज नाही. लग्नसमारंभात, कचेरीत, शाळेच्या स्नेहसंमेलनात ‘एवढे करून घे, बरी दिसशील’ हा सल्ला आपण किती सहजपणे देतो, ते आठवून पाहावे. अमेरिकेतील त्या तरुणीच्या धैर्याचे कौतुक करणे सोपे आहे. ज्या मुलीपाशी ना धर्माचा दाखला आहे ना हजरजबाबी उत्तर, तिला तिच्या चेहऱ्यासह निर्धास्तपणे वावरू देणे, ही आपली खरी परीक्षा आहे.