‘सुरू होतीय की!’

गाडी गॅरेजच्या दारात नेली की हमखास सुरू होते. ज्या बाईनं हे अनुभवलं नाही तिनं हा लेख सोडून खुशाल पुढचा वाचावा. ज्यांनी अनुभवलं आहे त्यांच्याशी मला बोलायचं आहे, आणि थोडं भांडायचंही आहे. गॅरेजवाल्याशी भांडण आहेच. पण त्याहून मोठं भांडण माझं माझ्याशी आणि तुमच्याशी आहे.

यांची बदली हुबळीला झाली तेव्हा मोटरसायकल घरीच राहिली. माझी शाळा खानापूर रस्त्यानं जाऊन आत वळावं लागतं अशा एका खेड्यात. बस सकाळी एक, संध्याकाळी एक, तीही तिच्या मनात आलं तर. म्हणून वयाच्या ४६व्या वर्षी ओढणीला गाठ मारून मी मोटरसायकलवर बसायला लागले. शहापूरच्या गल्लीतनं पहिल्यांदा निघाले तेव्हा कट्ट्यावरची माणसं बोलायची थांबली होती. महिन्याभरानं पुन्हा बोलायला लागली. ते जाऊ दे.

दुसऱ्या पावसाळ्यात गाडीनं रंग दाखवायला सुरुवात केली. सेल्फचं बटण दाबलं की कधी झटक्यात सुरू व्हायची. कधी नुसतं ‘कट्’ वाजायचं आणि पुढं काही नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा ‘कट्’. पाच मिनिटं थांबून दाबलं की सुरू! या गाडीला किक नाही, त्यामुळं दुसरा उपायही नाही.

गॅरेजमध्ये नेली. त्यानं बटण दाबलं आणि पहिल्याच दणक्यात इंजिन सुरू झालं. तो हसला. “सुरू होतीय की, टीचर! गाडी चांगली हाय. तुम्ही बटण नीट दाबत नसणार.” मागं दोन गिऱ्हाइकं उभी होती, तीही हसली. घरी फोनवर हे म्हणाले, “क्लच दाबतेस ना? न्यूट्रलला असते ना?” दीर म्हणाले, “वैनी, तुम्हाला स्कूटरच बरी.” कुणीही विचारलं नाही की नेमकं कधी होतं, काय वाजतं, तेव्हा लाइट कशी असते.

मी चौथ्यांदा तक्रार केली तेव्हा त्यानं बॅटरी बदलली. आठ दिवस बरे गेले. मग पुन्हा ‘कट्’. मग प्लग बदलला. मग सेल्फचा रिले बदलला. तीन वस्तू, तीन बिलं, आणि दुखणं जागच्या जागी.

एकदा संध्याकाळी मच्छेजवळ कुणाचा तरी फोन आला म्हणून गाडी बंद केली, ती सुरूच होईना. पाऊस भुरभुरत होता. बऱ्याच वेळानं दोन पोरांनी ढकलली. दुसरा गिअर टाकून, क्लच धरून, वेग आल्यावर सोडला, तेव्हा सुरू झाली. घरी पोचले तेव्हा दिवस मावळून गेला होता. आमच्याकडं दिवस मावळल्यावर जेवत नाहीत हे तुम्हाला सांगायला नको. मी उपाशी झोपले याचं काही नाही, आपल्याला सवय असते. पण ७८ वर्षांच्या माझ्या सासूबाई माझी वाट बघत बसल्या होत्या, त्याही तशाच झोपल्या. एका शब्दानं बोलल्या नाहीत. त्या रात्री मला झोप आली नाही.

अंथरुणात पडल्या पडल्या एक गोष्ट लक्षात आली. इतक्या दिवसांत माझाच माझ्यावरचा विश्वास उडाला होता. खरंच मी बटण नीट दाबत नसेन का? गॅरेजमध्ये सुरू होते म्हणजे चूक माझीच असणार, असं मी मनातल्या मनात कबूल करून टाकलं होतं.

लहानपणी बस्तीतल्या पाठशाळेत आपल्याला शिकवलं होतं, ‘हेच’ म्हणू नका, ‘हेही’ म्हणा. एका अपेक्षेनं वस्तू आहे, दुसऱ्या अपेक्षेनं नाही. आपण ते पाठ केलं, परीक्षा दिली आणि विसरून गेलो. गाडी गॅरेजमध्ये सुरू होते हे खरं. ती मच्छेजवळ सुरू होत नाही हेही खरं. दोन्ही खरं असेल तर प्रश्न एकच उरतो: कुठल्या परिस्थितीत होते आणि कुठल्या परिस्थितीत होत नाही? हा प्रश्न विचारायचा सोडून त्याच्या ‘हेच’पुढं मी मान खाली घातली होती.

आता माझी लाज सांगते. मी शाळेत विज्ञान शिकवते. दरवर्षी दहावीच्या पोरांकडून ओहमचा नियम घोकून घेते. तीच बाई गॅरेजमध्ये उभी राहून म्हणत होती, “मला त्यातलं काही कळत नाही हो, तुम्हीच बघा.” आणि म्हणताना थोडी लाडात येऊनच म्हणत होती. हे वाक्य आपण किती सहज म्हणतो! जणू ते आपल्या चांगुलपणाचं लक्षण आहे. भाजीवाली तराजूत बोट लावते ते आपल्याला लांबूनही दिसतं. सोनाराच्या बिलातली मजुरी आपल्याला पै-पैशानं पाठ असते. मग गाडीपाशीच आपली अक्कल कुठं जाते?

दुसऱ्या दिवशी मी एक वही केली. गाडी अडली की तारीख, वेळ, पाऊस होता की ऊन, इंजिन गार होतं की तापलेलं, काय वाजलं, लाइट कशी होती, एवढंच लिहायचं. तीन आठवड्यांत आठ नोंदी झाल्या. त्या आठांपैकी सहा पावसानंतरच्या किंवा गाडी धुतल्यानंतरच्या निघाल्या. आठही वेळा ‘कट्’ वाजलं होतं, म्हणजे बटण आणि क्लचचा स्विच आपलं काम करत होते. नाहीतर रिलेपर्यंत हुकूम पोचलाच नसता. आठही वेळा मोटर फिरली नव्हती, म्हणजे प्लगचा आणि पेट्रोलचा संबंधच नव्हता. इंजिन फिरतं आणि पेटत नाही तेव्हा प्लग बघायचा. इथं तर फिरतच नव्हतं! माझा बदललेला प्लग फुकट गेला होता, आणि हे वहीच्या एका पानानं सांगितलं.

मग शाळेच्या प्रयोगशाळेतला मल्टीमीटर मुख्याध्यापकांना विचारून घरी आणला. डीसी २० व्होल्टवर लावला आणि गाडी अडायची वाट बघत बसले. अडली तेव्हा बॅटरीच्या दोन टोकांवर मोजलं: १२.६ व्होल्ट. भरलेल्या बॅटरीचा आकडा एवढाच असतो. बटण दाबून धरलं तरी फारसा उतरला नाही. म्हणजे बॅटरी निर्दोष. मग मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर धरली, लाल पिन इंजिनच्या उघड्या लोखंडावर, आणि लेकीला बटण दाबायला सांगितलं. इथं आकडा जवळपास शून्य यायला पाहिजे, कारण दोन्ही जागा एका जाड तारेनं जोडलेल्या असतात. आला चार व्होल्ट.

तार जिथं फ्रेमला आवळली होती तो बोल्ट खोलला. खाली तांबूस गंजाचा थर होता. काचपेपरनं दोन्ही बाजू घासून चकचकीत केल्या, आवळलं, वरनं व्हॅसलिन लावलं. वीस मिनिटांचं काम. त्यानंतर दोन पावसाळे गेले, ‘कट्’ ऐकलेलं नाही.

इथं जे घडत होतं ते दहावीच्या पुस्तकात आहे. गंजलेल्या सांध्यात समजा ०.१ ओहम अडथळा आला. हेडलाइटला ३ अँपिअर लागतात, तर तिथं फक्त ०.३ व्होल्ट हरवतो. लाइट छान लागते. सेल्फच्या मोटरला ४० अँपिअर लागले, तर तिथं ४ व्होल्ट हरवतात. मोटर जागची हलत नाही. “लाइट लागतीय, हॉर्न वाजतोय, मग कनेक्शन ठीकच हाय” असं गॅरेजवाला म्हणाला होता आणि मी, ओहमचा नियम शिकवणारी, मान डोलावली होती. सांधा कोरडा आणि घट्ट बसला की अडथळा कमी, ओल गेली किंवा खड्ड्यानं हलला की जास्त. म्हणून कधी होते, कधी होत नाही. यात नशीब नाही, बाईचा हात नाही.

गॅरेजवाल्याची बाजूही मांडते, नाहीतर मीही ‘हेच’ म्हणणाऱ्यांतली होईन. जे दुखणं त्याच्यासमोर दिसत नाही ते तो शोधणार कसं? त्याच्या दारात दहा गाड्या उभ्या असतात. माझी गाडी अडेपर्यंत तो तीन आठवडे बसून राहू शकत नाही. हे सगळं मान्य. पण मग “मला आता दिसत नाही, अडेल तेव्हा या या गोष्टी बघून ठेवा” एवढं तो म्हणू शकत होता. “तुम्ही नीट दाबत नसणार” हे निदान झालं नाही, ती सुटका झाली. न तपासता वस्तू बदलत जाणं हीही सुटकाच, फक्त तिचे पैसे आपण देतो. पुरुषांनाही असे गंडे बसतात, तेही कबूल. पण पुरुषाची गाडी अडली तर दोष गाडीचा असतो. आपली अडली तर तो आपला असतो. हा फरक मी सोसला आहे, तो कुणी मला नाही म्हणून सांगू नये.

आणि ही गोष्ट गाडीपुरती नाही. माझ्या जाऊबाईंच्या छातीत वर्षभर अधूनमधून धडधडायचं. दवाखान्यात गेल्या की पट्टी साफ यायची. “टेन्शन घेऊ नका” असं ऐकून परत यायच्या. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कधी होतं, किती वेळ टिकतं? मग २४ तास ठोके नोंदवणारं यंत्र अंगावर बांधलं, त्यात ते सापडलं. वर्षभर घरात आम्ही सगळ्या त्यांना काय म्हणत होतो? “उगीच मनाला लावून घेतेस.” आम्हीच म्हणत होतो, बायाच! गॅरेजवाला माझ्याशी जसा वागला तशाच आम्ही त्यांच्याशी वागलो.

काहीजणी म्हणतील, एवढं कशाला, घरातले पुरुष बघतील की. बघतात, पण ते घरी असतात तेव्हा. गाडी अडते तेव्हा आपण एकट्या असतो. शिवाय गाड्या आता पूर्वीच्या राहिल्या नाहीत. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा दिवसासुद्धा पेटलेला असतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि बहुतेक गाड्यांतला कार्ब्युरेटर गेला. पेट्रोल आत सोडायलाही आता वीज लागते. कित्येक गाड्यांना किक नाही. आणि आपल्यातल्या बहुतेकजणी चालवतात त्या बिनगिअरच्या स्कूटर ढकलून सुरूच होत नाहीत. म्हणजे विजेचा सांधा ढिला झाला की आपण रस्त्यावर. तेव्हा हे कळणं म्हणजे गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर लावता येण्याइतकं साधं घरगुती ज्ञान झालं आहे.

म्हणून मागच्या चातुर्मासात महिला मंडळाच्या बैठकीत मी म्हटलं, एक रविवार गाड्यांसाठी ठेवूया. सगळ्या हसल्या. एक काकू म्हणाल्या, “अगं, आता आम्ही पाना घेऊन बसायचं?” मी म्हटलं, हो, बसायचं. १० नंबरचा पाना, एक स्क्रू ड्रायव्हर, काचपेपरचा तुकडा. बॅटरीची तार काढताना आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह; लावताना आधी पॉझिटिव्ह, मग निगेटिव्ह. सेल्फ पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरायचा नाही, मध्ये थोडं थांबायचं. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसले तर चार्जिंग ठीक. यात न जमण्यासारखं काय आहे? पुरणाचा कट किती आटवायचा हे आपण मीटर न लावता ओळखतो.

रविवार ठरला. सहाजणी आल्या, त्यातल्या दोघी नुसत्या बघायला. तीन गाड्यांच्या बॅटरीची टोकं ढिली निघाली, एकीवर पांढरी बुरशीसारखी पूड साचलेली. पाना मागणाऱ्या काकू आल्या नाहीत. पण परवा त्यांच्या सुनेचा फोन आला, “अक्का, ती वही कशी लिहायची ते जरा सांगता का? आमची स्कूटर सकाळी कधी होतीय, कधी नाही.”

मी तिला आधी विचारलं, “काय वाजतं?”

ती म्हणाली, “हे अजून कुणी विचारलंच नव्हतं.”